सात शेंगांचा परिच्छेद

माझ्या वहिनीला गप्प बसवणं आमच्या घरात कुणालाच जमलं नव्हतं. गावाच्या थांब्यावर ती कुणाशी बोलायला लागली की सांगलीची एक गाडी निघून जायची, मागची दुसरीही जायची. अशी ही बाई मार्चच्या दहावीत एकाच विषयात नापास झाली, आणि तो विषय होता मराठी. गावात हसू झालं. पण खरं सांगायचं तर ती माझ्यामुळे नापास झाली होती.

आमचं गाव माधवनगरजवळ. भाऊ तिथल्या गिरणीत कामाला आणि वहिनी गावच्या अंगणवाडीत मदतनीस. खाऊ शिजवायचा, पोरांना घरून गोळा करून आणायचं, त्यांची नाकं पुसायची. अंगणवाडीच्या सेविकाबाई वर्षअखेरीस निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी दहावी पास झालेलीच बाई घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीला ती जागा मनापासून हवी होती. माहेरी, पाटणच्या वरच्या अंगाला, नववीतच तिची शाळा सुटली होती. म्हणून तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. शिकवायला मी होतेच. साताऱ्याला बी.एड. करणारी नणंद, सुट्टीला घरी आली की आईशीसुद्धा पुस्तकी भाषेत बोलणारी. शहाणपणाचा नुसता ऊत आला होता मला.

परिच्छेद लिहिण्याआधी विचार गोळा करावेत, हे मी नुकतंच शिकले होते. मध्ये गोल काढायचा, गोलात विषय लिहायचा, भोवती रेघा ओढायच्या आणि एकेका रेघेच्या टोकाला एकेक मुद्दा मांडायचा. मी वहिनीला वहीत काढून दाखवलं.

"ह्यो सूर्य कशाला वो, वन्सं?" तिनं विचारलं.

"सूर्यच समजा. पण आधी हा काढायचा, मगच लिहायला घ्यायचं," मी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याची गाडी धरली.

निकाल लागला त्या दिवशी मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "वहिनी, पेपरात लिहिलं तरी काय होतं?"

"सूर्य काढला की. झ्याक काढला हुता. पट्टीनं किरणं वडली."

"आणि किरणांवर?"

"त्येच्यावर काय लिवायचं ते सुचंना. मग शेजारी अजून एक काढला."

मी हसले, आणि मग उमगलं. तिनं मी सांगितलं तसंच केलं होतं. विचार गोळा करायचे हे मी सांगितलं, पण ते आणायचे कुठून, हे काही मी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे ते मलाही ठाऊक नव्हतं. माझे स्वतःचे निबंध मी गाइडातून उचललेले असायचे.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. पेरणी तोंडावर आली तरी बियाण्यासाठी ठेवलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या राहिल्या होत्या. बी.एड. झालं होतं, नोकरी लागली नव्हती, त्यामुळे मीही घरीच. दुपारी सोप्यात पोतं ओतलं की आई, वहिनी आणि मी फोडायला बसायचो. आईचा नियम कडक होता. अख्खा, टपोरा दाणा बियाण्याच्या सुपात. पोचट दाणा फेकायचा. फोडताना दुभंगला किंवा साल निघालं तर तो पेरायचा नाही, तो खायचा किंवा कुटाला ठेवायचा. वहिनी शेंगा फोडायला बसली की तिच्या तोंडाचा पट्टा आपोआप सुरू व्हायचा.

एका दुपारी ती तिच्या शाळेबद्दल बोलत होती. ओढा ओलांडून जायचं आणि पाणी चढलं की मास्तरच पोरांना खांद्यावरून आणायचे. शाळेची घंटा म्हणजे लोखंडाचा एक तुकडा होता, तो वाजवायचा मान आठवड्याला एकेकाला. तिचा आठवडा आला तेव्हा तिनं घाईघाईत दहा मिनिटं आधीच शाळा सोडली, आणि सगळी पोरं डोंगराच्या वाटेला लागल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं. आई हसून हसून बेजार झाली. पुढे तिच्या वडिलांचं निघालं. वहिनी म्हणाली, "मग नववीत दिवाळीनंतर आमचं आप्पा शाळंत आलं, वर्गाच्या दारात हुबं ऱ्हायलं..." आणि थांबली. हातातली शेंग तिनं फोडली नाही, तशीच परत पोत्यात टाकली. मग भाताला उशीर झाला म्हणून उठली.

ती परत आल्यावर मी म्हणाले, "वहिनी, हाच तुमचा परिच्छेद. 'माझी शाळा'."

"ह्ये काय लिवायचं? ह्ये तर नुसतं बोलणं हाय."

"बोलणं हाय तर निवड की त्यातलं," आई सुपातनं मान वर न काढता म्हणाली. "शेंगा फोडल्याबिगार बी कुठलं गावायचं? आधी समदं फोडायचं, मग बघायचं काय पेरायचं ते."

माझ्या बी.एड.चं सगळं वर्ष आईनं सुपात पाखडून बाजूला ठेवलं. मला रागही आला आणि पटलंही.

तेव्हापासून आमचा अभ्यास असा चालला. मी विषय द्यायची, वहिनी सात शेंगा घ्यायची. एक शेंग फोडायची आणि त्या विषयावरचं मनात येईल ते बोलायचं. सांगण्याजोगं निघालं तर दाणे रांगेत मांडायचे. 'आमच्या गावात बाजार भरतो, बाजार चांगला असतो' असलं काही निघालं की तीच म्हणायची, "पोचट!" आणि अंगणात भिरकावायची. आणि काही काही आठवणींवर ती नुसती मान हलवायची. "ह्ये फुटकं. ह्ये आपलं घरातच खायाचं." पुढे पुढे दाणे मांडून झाले की ती पेन्सिल घ्यायची आणि खाली मान घालून लिहीत सुटायची. शुद्धलेखन भयंकर होतं. पण मला पहिल्यांदा कुणाचं तरी लिहिलेलं वाचताना पुढं काय झालं हे विचारावंसं वाटलं.

ऑक्टोबरात मी तिला सांगलीला परीक्षेला घेऊन गेले आणि फाटकाबाहेर बसून राहिले. तीन तासांनी ती हसतच बाहेर आली. कॉपी पकडणाऱ्या पथकातल्या बाईंनी तिच्या पदराची गाठ पाहिली होती.

"म्हणल्या, सोडा गाठ. सोडली. सात शेंगा! म्हणल्या, ह्या कशाला? म्हणलं, बाई, परिच्छेद लिवायला."

"मग?"

"मग काय, त्यांनी एकेक शेंग उलटीपालटी करून बघितली. आत चिठ्ठी न्हाई म्हटल्यावर परत दिल्या. म्हणल्या, आवाज करू नका. आता शेंग फोडायची म्हंजी आवाज हुणारच की वो! पुढच्या बाकावरची पोरगी सारखी मागं बघत हुती."

विषय कोणता आला, विचारलं तर म्हणाली, 'माझी शाळा'. मी तिला भर रस्त्यात मिठी मारली.

ती पास झाली. पुढं सेविकेच्या नेमणुकीचा कागदही आला. तो तिनं आईच्या पायाशी ठेवला आणि भावानं पेढे आणले. पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर अंगणवाडीपर्यंत गेले. कुलूप उघडून तिनं दार लोटलं आणि उंबऱ्यावर क्षणभर थांबली. पोरं अजून यायची होती. मला एकदम आठवलं आणि मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी सातही शेंगा लिहिल्या?"

"सहा लिवल्या."

"आणि सातवी?"

"आप्पा वर्गाच्या दारात हुबं ऱ्हायलं तो दिस निघाला तिच्यात. माजं दप्तर उचलायला आलं हुतं." तिनं पदर खोचला आणि आत जाऊन सतरंजी झटकायला घेतली. "फुटका दाणा पेरत न्हाईत, वन्सं. तिथंच बाकावर बसून खाल्ला."