तळघरातलं पाणी

संहिता बंगळुरातल्या व्हाइटफील्डची आयटीतली नोकरी सोडून माहितीपट करणाऱ्या यशोवर्धनकडे संशोधक म्हणून लागली, तेव्हा संशोधन म्हणजे इंटरनेट धुंडाळणं, असंच तिला वाटायचं. त्यानं पहिल्याच आठवड्यात तो समज मोडला. "एकाच्या तोंडचं ऐकून खरं धरायचं नाही. आणि प्रश्न विचारलास की गप्प बस. समोरच्याला ती शांतता सोसत नाही, तो बोलतोच."

विषय होता सर्जापूर रोडजवळचं बुजवलेलं तळं. त्याच्या काठी वाढलेल्या अनुसूयाअक्का आता बंगळुरातल्याच शिवाजीनगरात राहत. त्यांचा थोरला भाऊ खंडोजी ऐन तारुण्यात त्या तळ्यावर पोहायला गेला, तो परतलाच नाही. प्रेतही मिळालं नाही.

"पण बुडला नाही तो," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या नरसिंहअण्णानं बघितला की त्याला, इथल्या बसस्टँडवर. अंगात तोच निळा शर्ट. म्हणून तर मी हा भाग सोडला नाही."

त्या दिवसापासून बसस्टँडवरून जाताना संहिताही म्हाताऱ्यांचे चेहरे न्याहाळू लागली. तिची तिलाच भीती वाटायची.

मग तिनं तळ्याकाठी शेती केलेल्या संताजींना गाठलं. ते सहज म्हणाले, "निळा शर्ट? तो काठावर पडला होता. मीच नेऊन दिला त्याच्या वडिलांना."

वडिलांनी तो कुणाला दाखवला नसावा.

संहिता नरसिंहअण्णांकडे गेली. "अण्णा, शर्ट तर काठावर सापडला होता ना?" एवढंच विचारून ती गप्प राहिली. पंखा फिरत होता. अण्णा बराच वेळ खाली बघत बसले.

"त्याची आई अन्नाला शिवत नव्हती गं," ते शेवटी म्हणाले. "मी म्हटलं, पाहिला. त्या संध्याकाळी तिनं दोन घास खाल्ले. मग कुठल्या तोंडानं मागं फिरू?"

यशोवर्धन ऐकून उठूनच उभा राहिला. "हेच आपल्या फिल्मचं काळीज! अक्कांना कॅमेऱ्यासमोर सांग."

संहिता कॅमेरा न घेता गेली. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. "तळं नेमकं कुठं होतं, दाखवतेस? आता मला ओळखू यायचं नाही."

तिथं आता उंच इमारती होत्या. वॉचमन त्यांना तळघरातल्या पार्किंगमध्ये घेऊन गेला. भिंती ओल्या होत्या, कोपऱ्यात पंप घरघरत होता. "किती उपसा, पाणी येतंच," तो म्हणाला.

अक्कांनी भिंतीवर तळवा टेकला. मग हळूच, लहान पोराला उठवावं तशी हाक मारली, "खंडू, चल रे. जरा उशीरच झाला मला."

पंप एकाएकी थांबला. वॉचमननं जाऊन बटण दाबलं, तो पुन्हा सुरू झाला.

अक्का बोलायला तयार नाहीत, असं संहितानं यशोवर्धनला सांगितलं. माहितीपट खंडोजीशिवायच झाला. पुढच्या महिन्यात अक्का लेकीकडे हुबळीला निघून गेल्या. संहिता अजून नव्या विषयांसाठी माणसं शोधत हिंडते, पण गाडी मात्र ती कुठंही रस्त्यावरच लावते. तळघरात उतरत नाही.