शर्ट घातलेला रबरी माणूस

माझ्या हातांच्या वासावरून पहिली शंका निघाली.

माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि मी शिकत होते. बमरोलीत आमच्या दोन खोल्या. घरात नवरा, सासूबाई आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. नवरा डाईंग मिलमध्ये मशीनवर होता. दोन्हीकडची माणसं खानदेशातून कापडाच्या मागे सुरतेला आलेली. माझं लहानपण सुरतेतच भेस्तानला गेलं आणि शाळा गुजरातीतून झाली. त्यामुळे मी माहेरी अहिराणी, सासरी आणि शेजाऱ्यांशी मराठी आणि रस्त्यावर गुजराती बोलायची. सासूबाई मात्र सगळीकडे अहिराणीच बोलत. भाजीवाल्याला ती कळत नसे, तरी हवी ती भाजी त्या हव्या त्या भावात घेऊन येत.

मला खरं तर नर्स व्हायचं होतं. पण त्यासाठी हॉस्टेलवर राहावं लागे, आणि लग्न झालेली सून हॉस्टेलवर राहणार ही गोष्ट आमच्या घरात बोलायचीही सोय नव्हती. मग कळलं की उधन्यातल्या एका दवाखान्याच्या आवारात नवीनच पदवीचा वर्ग निघाला आहे. अपघातात सापडलेला किंवा अचानक कोसळलेला माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत जिवंत कसा ठेवायचा, हे तिथे शिकवणार होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. असं काही शिकवतात, आणि त्याला विद्यापीठाची पदवी मिळते, हे आमच्या भागात कुणी ऐकलं नव्हतं. ॲम्ब्युलन्स म्हणजे मेलेल्याला घरी आणणारी गाडी, एवढंच लोकांना माहीत.

"मंग तू मुर्दा उचलशी का?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"मुर्दा होऊ नये म्हणून शिकायचं, माय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गहू निवडायला घेतले. नवऱ्याने होकार दिला म्हणून त्या गप्प बसल्या. पटलं म्हणून नव्हे.

तर तो वास. दिवसभर वर्गात पट्ट्या बांधायच्या, इंजेक्शनची तयारी करायची, दर वेळी स्पिरिटने हात पुसायचे. घरी येऊन मी भाकरी थापायला बसले की सासूबाई नाक वर करत.

"तुन्हा हातले कसाना वास येस वं?"

"औषधाचा."

गुजरातेत दारूबंदी. आमच्या वस्तीत चोरून पिणारे कमी नव्हते, आणि तो वास सासूबाईंना चांगला ओळखीचा होता.  त्या दिवसापासून मी घरात पाऊल टाकलं की त्या काहीतरी निमित्त काढून माझ्या तोंडाजवळ येऊ लागल्या. कधी केसातला कचरा काढायला, कधी कानातलं नीट करायला.

मग त्यांना माझ्या पिशवीत पँट सापडली.

दुसऱ्या वर्षापासून आम्हाला गणवेश होता, पांढरा शर्ट आणि निळी पँट. साडी नेसून स्ट्रेचर उचलता येत नाही. मी साडीतच घरून निघायची, तिकडे कपडे बदलायची आणि परत साडी नेसून यायची. हे मी घरात सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पिशवी खुंटीला होती. सासूबाई पँट दोन बोटांत धरून दारात उभ्या राहिल्या.

"हाई कोनी पँट शे?"

"माझी. कॉलेजची."

"दवाखानामा बाया पँट घालतीस?"

मी हो म्हटलं. त्यांनी ती पँट उलटीसुलटी करून पाहिली, कमरेचं माप बघितलं. माप माझंच होतं. तरी त्यांच्या चेहऱ्यावरची शंका काही गेली नाही. नवरा संध्याकाळी आला तेव्हा त्या त्याच्याशी मोरीजवळ हळू आवाजात बोलत होत्या. मी बाहेर आले तशा गप्प झाल्या. नवऱ्याने माझ्याकडे न बघता हात धुतले.

त्यानंतर मलाही शंका येऊ लागल्या. उधन्याला सीटवर चालणाऱ्या शटल रिक्षातून उतरले की वाटे, मागून कुणीतरी येतंय. एकदा दवाखान्याच्या फाटकापाशी मी वळून पाहिलं, तर रसवंतीच्या आडोशाला जांभळ्या पातळाचा पदर दिसला आणि लगेच नाहीसा झाला. तसलं पातळ आमच्याकडे होतं. पण तसली पातळं सुरतेत हजारो बायका नेसतात, अशी मी मनाची समजूत घातली. सासूबाई एकट्या उधन्यापर्यंत येतील हे मला खरं वाटेना. नवऱ्यानेच कुणाला तरी पाळतीवर ठेवलं असावं, असं मी धरून चालले. तो जेवताना माझ्याशी बोलला की मला वाटे हा माहिती काढतोय, आणि नाही बोलला की वाटे याला माहिती मिळालीय.

त्याच आठवड्यात, एका संध्याकाळी, मी ताट वाढलं आणि सासूबाईंनी ते पुढे सारलं.

"मी हिन्हा हातनं खावाव नही."

नवरा म्हणाला, "काय झालं?"

"हिले इचार. तो माणूस कोन व्हता? ज्याना तोंडले तोंड लावेल व्हतं हिनी. मी देखं. खिडकीम्हाईन देखं."

नवऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला. माझ्या तर डोक्यात प्रकाशच पडेना. माणूस कुठला? आणि मग एकदम पडला.

"अहो, तो रबरी पुतळा आहे! श्वास बंद पडलेल्या माणसाला तोंडाने श्वास कसा द्यायचा ते त्याच्यावर शिकवतात. सगळेच देतात, मी एकटी नाही."

"रबरना बाहुलाले कोनी शर्ट घालस का?" सासूबाईंनी विचारलं.

शर्ट खरंच होता. पुतळ्याच्या छातीचं रबर फाटलं होतं, म्हणून तिथल्या शिपायाने आपला जुना चौकड्यांचा शर्ट त्याला चढवला होता. हे मी सांगितलं, पण सांगतानाच मला कळत होतं की ही थाप वाटतेय. नवरा माझ्याकडे बघत होता. ती नजर मला आजही आठवते. त्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता आणि ठेवता येत नव्हता.

"उद्या चला," मी म्हणाले. "दोघंही चला."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मिलमध्ये खाडा केला आणि आम्ही तिघं एका रिक्षात बसून गेलो.  आम्हाला शिकवणारे डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, गुजराती, वयाने बरेच मोठे. मी खाली मान घालून त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील याची मला भीती होती. ते हसले नाहीत. "माजी, आवो," म्हणत त्यांनी सासूबाईंना आत नेलं.

पुतळा टेबलावर आडवा होता. सासूबाई त्याच्याभोवती फिरल्या. त्यांनी गालाला बोट लावून पाहिलं, नाक दाबलं, मग शर्ट वर केला. पुतळ्याला कमरेखाली काहीच नव्हतं.

"अर्धाच शे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला श्वास देऊन दाखवायला सांगितलं. नवरा आणि सासूबाई समोर उभे असताना मी वाकले, पुतळ्याची हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरलं आणि फुंकर मारली. छाती वर आली. सासूबाई जरा दचकल्याच. त्यांनी पुन्हा करायला लावलं, आणि या वेळी पुतळ्याच्या छातीवर स्वतःचा हात ठेवला. नवरा भिंतीकडे बघून हसू दाबत होता. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि माझंही उतरलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पटलं ना, माय?"

सासूबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "आज हाऊ बाहुला शे. त्या दिनले कोन व्हता, मी काय सांगू?"

नवरा मोठ्याने हसला. मला हसू आलं नाही. पण त्या दिवशी रात्री त्या माझ्या हातचं जेवल्या.

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. मिलला सुट्टी, सगळी गल्ली घरात. समोरच्या घरातला लूम कारागीर पत्र्यावर चढून टीव्हीचा अँटेना फिरवत होता आणि खाली बायकोला ओरडून विचारत होता, "चित्र आलं का?" ती आतून "नाही" म्हणे. मी दारात कपडे पिळत होते. एकदम ठिणगी उडाल्यासारखा आवाज झाला. अँटेनाचा लोखंडी पाइप वरून जाणाऱ्या तारेला लागला होता. कारागीर पत्र्यावरून घसरत खाली पोत्यांच्या ढिगावर पडला.

मी धावले. पाइप त्याच्यापासून लांब पडलाय आणि तार त्याला कुठे लागलेली नाही, हे आधी पाहिलं. मग त्याला जमिनीवर सपाट घेतलं. छाती हलत नव्हती. मानेवर बोटं ठेवली. नाडी लागली, अगदी बारीक. ती त्याचीच आहे की माझ्याच बोटांत ठोके पडताहेत, हे कळेना. मी बोटं काढली, परत ठेवली. होती. त्याचीच होती.

तोवर माणसं जमली. "हात नका लावू, पोलीस केस होईल," कुणी म्हणालं. त्याची बायको किंचाळत होती. मी त्याचं नाक धरलं आणि तोंडाला तोंड लावलं.

 जमावात कुजबूज सुरू झाली. एका माणसाने मागून माझा खांदा धरून ओढलं. "ए बाई, काय चाललंय हे?" मी हात झटकून पुन्हा वाकले, त्याने पुन्हा ओढलं. तेवढ्यात त्याचा हात सुटला. सासूबाई आमच्या दोघांच्या मधे येऊन उभ्या होत्या.

"तिले करू द्या. तठे आसंच करतस. मी देखेल शे."

त्या तिथेच उकिडव्या बसल्या आणि तेव्हासारखाच त्याच्या छातीवर हात ठेवला. माझ्या फुंकरीने छाती वर आली की म्हणत, "उनी वर." पुढचं सांगण्यासारखं काही नाही, नुसतं तेच तेच. फुंकर, थांबणं, फुंकर. कुणीतरी टेम्पो आणला. आत कापडाचे तागे होते, त्यांवर त्याला निजवलं, आणि मी टेम्पोतही तेच करत राहिले. उधन्याच्या आधी त्याला उमासा आला. मी त्याला कुशीवर वळवलं. तो खोकला आणि स्वतःचा श्वास घेऊ लागला. मग त्याने डोळे उघडले, मला बघितलं आणि पुटपुटला, "चित्र आलं का?"

तो वाचला. हाताचा तळवा भाजला होता, तो बरा व्हायला बरेच दिवस लागले.

मला वाटलं होतं, आता गल्लीत माझ्याबद्दल बरं बोलतील. झालं भलतंच. तो कारागीर मला बघून रस्ता बदलू लागला. नळावर मी गेले की बायका गप्प होत. आणि त्याची बायको, जी आधी माझ्याकडून विरजण न्यायची, ती माझ्या दारावरून तोंड फिरवून जाऊ लागली. मी तिच्या नवऱ्याचा जीव वाचवला हे तिला मान्य होतं. पण कसा वाचवला, ते सगळ्या गल्लीने पाहिलं होतं.

एका दुपारी ती आली. सासूबाई घरात होत्या, तरी आली. उंबऱ्यापाशी बसली आणि बोटाने फरशी घासू लागली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"शुद्धीवर आल्यावर ते पहिलं काय बोलले? कुणाचं नाव घेतलं? तुझं, की आणखी कुणाचं?"

म्हणजे इतके दिवस हे तिच्या मनात होतं. मी तिला खरं ते सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"खोटं."

"शपथ. चित्र आलं का, असंच म्हणाले."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता रडायलाच लागली. "मेला," ती म्हणाली. "मरता मरता टीव्ही." आतून सासूबाईंनी चहा टाकल्याचा आवाज आला.

पदवी मिळाली तेव्हा नवीनच अडचण. ती कशाची पदवी आहे हे कुणाला कळेना. एका मोठ्या कारखान्यात प्रथमोपचार खोलीसाठी माणूस हवा होता, तिथे मी गेले. साहेबांनी प्रमाणपत्र उजेडात धरलं, शिक्का नखाने खरवडून पाहिला.

"असा कोर्स असतो?"

"असतो, साहेब."

त्यांनी माझ्यासमोरच कॉलेजला फोन लावला. मी खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. वास्तविक सगळं खरं होतं, तरी फोन ठेवेपर्यंत मला उगीच वाटत राहिलं की आता ते तिकडून नाही म्हणणार. साहेबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. आधी तीन महिने बघू." त्या तीन महिन्यांची पुढे बरीच वर्षं झाली.

नोकरी लागल्यावर लगेचच आम्ही एका लग्नाला धुळ्याकडे गेलो होतो. मांडवात एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईंनी सासूबाईंना विचारलं, "तुन्ही वहू काय करस? नर्स शे का?"

"नर्स नही. डॉक्टर बी नही. दोन्हीस्ना मझारली शे."

"आसं ऱ्हास का काही?" असं मधलं काही असतं हे त्या बाईंना नवीन होतं.

"ऱ्हास," सासूबाई जोरात म्हणाल्या. मग जेवणाच्या पंगतीकडे जाताना माझ्या कानाशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "ऱ्हास ना वं?"