कूलरला चालणारं पाणी

दिल्लीत बजेट अडलं म्हणून मी नेहरू नगरच्या आमच्या ऑफिसात माठ भरले. कोणी सांगितलं नव्हतं. मूर्खपणा पूर्ण माझा.

तीन-चार दिवसांनी आमचे हेडक्लार्क, बडेबाबू, उठले, व्हरांड्यात आले आणि चपलेच्या टोकानं दोन्ही माठ लवंडले. सगळ्यांसमोर. पाणी पायऱ्यांवरून उतरत हायवेच्या धुळीत गेलं. माझ्याकडे न बघता, अगदी मऊ आवाजात ते म्हणाले, "वाईट नको मानू बाबू. मानसं जुनी हायेत इथली. तू असं कर, कूलर भरत जा."

मी काय म्हणालो असेन? मी "हो" म्हणालो. मग "थँक्यू" म्हणालो. मग ते लवंडलेले माठ उचलून भिंतीशी पालथे घातले. मीच. त्यांना दुसरं कोण हात लावणार होतं?

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. दुर्गचा आमचा भाग अजून मध्य प्रदेशात होता. ऑफिस केंद्र सरकारचं, छोटंसं, भाड्याच्या घरात. त्याचं नाव सांगत नाही, तशी ऑफिसं गल्लोगल्ली होती. मी नवा क्लार्क, प्रोबेशनवर. दर उन्हाळ्यात ऑफिस एक म्हातारा पाणी पाजायला ठेवायचं. रोजीवर. सगळे त्याला महाराज म्हणत, तिकडे बामणाला म्हणतात तसं. मागच्या हातपंपावर माठ भरायचे, ओलं पोतं गुंडाळायचं, टेबलाटेबलाला गिलास न्यायचा, एवढंच काम. दरवर्षी तोच का, दुसरा का नाही, हे विचारायची अक्कल मला नव्हती. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा अनुभव दांडगा असेल. पाणी पाजायचा.

त्या वर्षी दिल्लीत बजेट मांडायच्या आधीच सरकार कोसळलं. आम्ही रेडिओवर ऐकलं, चहा पिऊन मोकळे झालो. आपल्याला काय, आपण परमनंट, असं सगळे म्हणाले. मी पण म्हणालो, प्रोबेशनवर असून. मग वरून फर्मान आलं. पगार मिळेल, बाकी वरखर्च बंद. रोजीवरचा एकही माणूस ठेवायचा नाही. झाडू मारणारी बाई गेली. महाराजला गेटवरूनच परत पाठवलं. तो काही समजून घेईना. भांडण दिल्लीत, अन् काम माझं गेलं, हे त्याच्या डोक्यात शिरेना. तो दर सोमवारी गावाहून पायी यायचा आणि गेटवर विचारायचा, "बजट आइस का बाबू?" जसं काही बजेट दुर्गच्या पॅसेंजरनं येणार होतं.

माठ रिकामे. मी सगळ्यात धाकटा. आणि बडेबाबू तर आपले. ते नागपूरकडचे, मी भंडाऱ्याकडचा. बाकी ऑफिस हिंदी. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांना कोण आनंद झाला होता. आपला मानूस आला, म्हणत त्यांनी पाठीवर थाप मारली, घरच्या गणपतीला बोलावलं. मग गाव विचारलं. तहसील विचारली. गावात घर कोणत्या अंगाला आहे तेही विचारलं. मी सांगितलं, खालच्या. त्यांची चौकशी तिथेच संपली होती. मला कळलं नाही. गणपती आला तेव्हा बोलावणं राहून गेलं. मला वाटलं, कामात असतील.

तर मी माठ भरले. साध्या बुद्धीनं नाही, चांगला मिरवत. पाणी फडक्यानं गाळलं. वाळा आणून टाकला. दुपारी कोणीच माठाकडे फिरकलं नाही. उन्हात हायवे ओलांडून टपरीवर जाऊन पाणी पिऊन आले. मी म्हटलं, पाण्याला वास येत असेल. दुसऱ्या दिवशी माठ राखेनं घासले. पुन्हा टपरी. मग मला वाटलं, वरून काटकसरीचं फर्मान आलंय, लोक पाण्यातही काटकसर करताहेत. खरंच वाटलं. बीकॉम झालेला माणूस मी.

बडेबाबूंच्या चपलेनं मला ते समजावून सांगितलं.

त्यानंतर मी कूलर भरू लागलो. कूलर म्हणजे राक्षस. बादल्यांवर बादल्या पितो आणि तासाभरानं पुन्हा टाहो फोडतो. मी फाईल ठेवायचो, पंपावर जायचो, बादली आणायचो, पुन्हा फाईल. हात ओला, शाई पसरायची. बडेबाबू शर्टाच्या दोन गुंड्या सोडून कूलरसमोर डोळे मिटून बसायचे. सगळं ऑफिस म्हणायचं, या वर्षी हवा लय थंड येते. मला बरं वाटायचं. लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटायचं.

एका सोमवारी महाराज नेहमीसारखा आला. घामेघूम. त्यानं व्हरांड्यात पालथे माठ पाहिले, आत घरघरणारा कूलर पाहिला. कूलर कोण भरतो, त्यानं विचारलं. मी म्हणालो, मी. तो हसला.

"त मटका काबर खाली हे?"

त्याला खरंच प्रश्न पडला होता. हातात बादली आहे, पंप आहे, मग माठ रिकामे का? तो माझ्याकडे पाहत राहिला. मग मी कोण ते त्याला कळलं. हसू हळूहळू उतरलं. मी बादली पुढे केली, महाराज, पाणी घ्या. पोटावर पाय पडलेला माणूस, कोसभर उन्हातून आलेला. त्यानं गमछा खांद्यावर नीट केला आणि पाणी न पिता तसाच उन्हात परत गेला.

मी बादली घेऊन आत आलो. कूलर भरला. त्याच्या गवताच्या ताट्या जास्तच भिजल्या, पंखा थेंब उडवू लागला. बारीक बारीक. बडेबाबूंच्या कपाळावर, गालावर, ओठांवर. त्यांनी डोळे न उघडता ओठांवरून जीभ फिरवली.

मी फस्सकन हसलो. मोठ्यानं.

काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही. पण त्या दिवसापासून मला रात्रंदिवस ती जीभ दिसू लागली. माझ्या हातचं पाणी नाकातोंडात चालतं. अंगावर चालतं. हवेतून पोटात गेलं तरी चालतं. फक्त मी गिलासात घालून, माणूस म्हणून पुढे करायचं नाही. आणि या सगळ्याला मी थँक्यू म्हणालेलो.

मेच्या अखेरीस जबलपूरहून मोठे साहेब यायचे ठरले. काटकसरीत कोणती जागा ठेवायची, कोणती काढायची, हे बघायला. जागा काढायची तर शेवटी आलेल्याची. म्हणजे माझी. त्या सकाळी बडेबाबूंनी मला जवळ बोलावलं. कूलर काठोकाठ भर म्हणाले, साहेब थेट त्याच्यासमोर बसतील.

मी व्हरांड्यात गेलो. एक माठ उचलला, धुतला, पंपावरून भरला. आत आणून बडेबाबूंच्या टेबलावर ठेवला. गिलास बुडवला, भरला, त्यांच्यासमोर ठेवला. टाइपरायटर थांबला.

"अन् कूलर?" ते म्हणाले.

"आधी तुमी एक गिलास प्या. मंग कूलर भरतो."

ते खाली वाकले. ओठ न हलवता बोलले. "तुयं प्रोबेशन माह्या हातात हाय. याद ठेव."

"याद हाय. म्हनूनच इतके दिवस भरला."

हे शूराचं वर्णन नाही. मी पटकन जागेवर जाऊन बसलो आणि फाईल उघडून तोंडासमोर धरली.

त्यांनी गिलासाला हात लावला नाही. दुसऱ्या कोणी कूलरही भरला नाही. बादली उचलणं सगळ्यांनाच कमीपणाचं होतं. साहेब आले. कोरडा कूलर हायवेची धूळ आणि गरम वारा फेकत होता. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी विचारलं, "पानी नहीं है क्या?"

बडेबाबू म्हणाले, "सर, बजट नहीं है."

भरलेला माठ समोर. भरलेला गिलास समोर. आणि हा माणूस दिल्लीचं नाव सांगत होता. साहेबांनी गिलास पाहिला, बडेबाबूंची माझ्याकडे वळलेली नजर पाहिली. मग मला पाहिलं. मग टपरीवरून कोल्ड्रिंक मागवलं.

तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिल्लीनं पैसा अडवला होता. पाणी अडवायला दिल्ली आली नव्हती.

बजेट पास झालं तोवर माठाचे दिवस सरले होते. महाराजला पुढच्या उन्हाळ्यात ये म्हणून सांगितलं. तो पुढच्या उन्हाळ्यात आला नाही, कधीच आला नाही. माझी जागा वाचली, पण प्रोबेशन एक वर्ष वाढलं. कारण विचारलं तर बडेबाबू म्हणाले, वरूनच काटकसर चालू आहे. पक्कं करण्यातही काटकसर.

मी दुर्गच्या बाजारातून माठ घेतला. सायकलला बांधून आणला आणि व्हरांड्यात नाही, आत, माझ्या टेबलाशेजारी ठेवला. रोज भरला. पुढे जिथे बदली झाली तिथे पहिल्या दिवशी माठ आणला. ज्याला प्यायचं त्यानं प्यावं, मी विचारत नाही. पण ज्याला माझ्या हातचं पाणी पिववत नाही, त्याच्यासाठी हा हात बादली उचलणार नाही. त्याचा जीव उकडून निघाला तरी. नोकरी जायची तर जावी.

माठ ठेवला त्या संध्याकाळी मरोद्याला घरी हे सगळं पहिल्यांदा आईला सांगितलं. छाती फुगवून. आई भाजी निवडत होती. इथला पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा तिनं पाणी वाहिलं होतं, डोक्यावर, सिमेंट कालवायला. तेव्हाही तिची घागर सिमेंटला चालायची, मुनीमाला नाही. मला वाटलं होतं, ती आता पाठीवरून हात फिरवील.

तिनं सगळं ऐकलं. बडेबाबू, जीभ, साहेब, गिलास. मग मान वर केली.

"मले त त्याची मजुरी भेटे. तू फुकटात दीड महिना भरलं, अन् वरून थँक्यू म्हनून आला."

आणि पुन्हा भाजी निवडू लागली.