बदलमावशींची खुर्ची

आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि मालकीणबाई. त्यांना सगळी गल्ली बदलमावशी म्हणते. गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावून झाला, की तो मुरेपर्यंत मावशी समोर स्टूल ओढतात, मध्ये तिवई सरकवतात आणि भविष्य सांगायची टॅरोची पानं मांडतात. गिऱ्हाईक पळणार कुठे? डोकं बरबटलेलं, गळ्यात फडकं. मावशी एक पान उघडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "बदल दारात उभा आहे. कडी काढा."

या सल्ल्यावर गल्लीत कुणी नोकरी बदलली, कुणी घर. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने तर मिशीच उतरवली आणि त्याच्या बायकोने त्याला दारात उभं करून विचारलं, "कोण पाहिजे?" बदलला नाही तो फक्त मावशींचा कारभार. कात्री तीच, डोक्यावरचा अंबाडा तोच. खिडकीजवळची उजेडाची खुर्ची त्यांची. नळाजवळची लेकीची, तीही फक्त केस धुण्यापुरती. लेक रीतसर शिकून आलेली, हाताला सफाई अशी की बघत राहावं. पण आईने तिच्या हाती शांपूपलीकडे काही लागू दिलं नव्हतं.

मावशींची एक लबाडी नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. पान उलटं निघालं, की त्या खोटी शिंक काढतात आणि शिंकेच्या आडून ते सुलटं करतात. उलट्या पानाचा अर्थही उलटा, तो कोण सांगत बसणार? आणि घोड्यावर बसलेल्या सापळ्याचं पान, मृत्यूचं, त्यांनी चापांच्या डब्यात तळाशी गाडलं होतं. एकदा ते निघालं तेव्हा एक बाई बरबटलेल्या डोक्यानिशी पळाल्या. त्या अजून पलीकडच्या फुटपाथने जातात.

परवा दुपारी मी तिथे रंग लावून बाकावर बसलो होतो. रंग बायकोने ठरवलेला, डोकं तेवढं माझं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. लेक हात पुसत आली आणि तिवईपाशी बसली.

"आई, माझी पानं मांड."

"तुला कशाला गं?"

"दुसऱ्या शहरातून बोलावणं आलंय. मोठं सलून आहे. तिथे मला स्वतःची खुर्ची देतायत. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय."

मावशींनी पानं पिसायला घेतली. "जा की. मी कोण अडवणार? तिथलं पाणी जड असतं म्हणे. केस गळतात."

"माझे की गिऱ्हाइकांचे?"

"सगळ्यांचे!"

मावशींनी पान उघडलं. घोडा, घोड्यावर सापळा.

"हे इथे कसं आलं?"

"चाप शोधताना सापडलं. एकटं पडलं होतं बिचारं. म्हटलं, घरच्यांत नेऊन सोडावं."

मावशींच्या बाजूने सापळा उलटा, डोक्यावर उभा होता. त्या सवयीने शिंकल्या आणि पान फिरलं.

"झालं, आता मला उलटं दिसतंय," लेक म्हणाली. "आई, तू पान सुलटं करतेस ते तुझ्या बाजूने. समोरच्याला ते उलटंच होतं. आजवर प्रत्येकाला तसंच दाखवलंयस."

"म्हणजे चष्मेवाल्याची मिशी उगीचच गेली?" मी विचारलं.

"भाऊजी, गप्प बसा. रंग ओघळेल," मावशी डाफरल्या.

पण मावशी उठल्या. वळसा घालून लेकीच्या पाठीशी आल्या आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या. मग हात लांबवून पान तिच्याकडून सरळ केलं. ते त्यांनी कधी धड पाहिलंच नव्हतं.

"मागे हा सूर्य आहे का? उगवतोय की मावळतोय?"

"तूच सांग. जगाला सांगतेस ना."

"दोन्ही असेल," मावशी पुटपुटल्या. "इथून मावळत असला तर पलीकडे उगवतच असणार की."

"मी गेले तर चालेल तुला?"

मावशींनी या खेपेला पान काढलं नाही. "नाही चालणार."

"मग कडी काढ ना, आई."

मावशी खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेल्या. मग खुर्चीवरचा आपला नॅपकिन उचलून त्यांनी खांद्यावर टाकला. "ही खुर्ची घे. पण माझ्या कात्रीला हात लावायचा नाही, तुझी आण. आणि सुरुवात माझ्यापासून कर."

मावशी खुर्चीत बसल्या, अंबाडा सुटला. "किती कापू?" लेकीने विचारलं.

"बोटभर."

"आई!"

"बरं, दोन बोटं. आडवी हं, उभी नाहीत!"

अंबाडा गेला तो गेलाच. लेकीने त्या सलूनला फोन करून 'नाही' म्हणून कळवलं. या सगळ्यात माझ्या डोक्याचा विसर पडला आणि केस डांबरासारखे काळे झाले. शेवटी मानेवर रुळणारे केस चाचपत मावशी मला नळाशी घेऊन गेल्या. पहिल्याच तांब्याला पाणी माझ्या कानात.

"इथे काही दिसत नाही गं," त्या करवादल्या. "इतका अंधार आहे हे कधी बोलली नाहीस!"

"रोज बोलत होते," खिडकीजवळून लेक म्हणाली.