कुत्रा नसलेल्या घराची पाटी

आमच्या सौंसरच्या घराच्या फाटकावर ‘कुत्ते से सावधान’ अशी पाटी आहे. कुत्रा मरून सहा वर्षं झाली, तरी दूधवाला अजून काठी घेऊनच आत येतो.

मी घरी बसून ज्या कंपनीचं काम करतो, तिच्या जुन्या प्रोग्रामचं असंच झालं आहे. शेकडो फंक्शनांच्या, म्हणजे प्रोग्रामच्या छोट्या तुकड्यांच्या, माथ्यावर लिहिलेलं आहे की इथून एक्सेप्शन, म्हणजे चूक, बाहेर येऊ शकते. आत पाहिलं तर तसं काही घडतच नाही. पण त्यांना बोलावणारं प्रत्येक फंक्शन चूक झेलायला काठी घेऊन उभं. माथ्यावरची एक घोषणा काढली की ती झेलणारी ओळ अडते, ती काढली की तिच्या वरची. तीन आठवडे हेच चाललं आहे. सकाळी एक ओळ पुसायला घ्यावी, तर जेवणापर्यंत चाळीस फाइली चुकांच्या खुणांनी लाल झालेल्या.

काम किचकट आहे म्हणून चिडलो असतो तर बरं होतं. पण या पाट्या मीच लावल्या आहेत. नागपूरच्या ऑफिसात होतो तेव्हा प्रोग्राम तपासणारा कंपायलर अडला की कारण न शोधता मी ‘थ्रोज एक्सेप्शन’ ही घोषणा चिकटवायचो. लाल रेघ जायची आणि मी सौंसरची बस गाठायला मोकळा.

तिथे माझ्या हाताखाली पांढुर्ण्याची एक मुलगी होती. तिने त्या फाइली नव्या फोल्डरात हलवल्या, म्हणून त्यांच्यावर तिचं नाव चढलं. हा कचरा कोणाचा, असं आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये तिलाच विचारलं. मी टेबलाकडे बघत राहिलो. तिची बढती हुकली, वर्षभरात तिने नोकरी सोडली.

कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद ठेवणारा फाइलींचा जुना इतिहास काल उघडला. पहिल्या ओळीपुढे माझं नाव होतं. ते न बघताही मला ठाऊक होतं.

ती आता पांढुर्ण्यातच कॉम्प्युटर शिकवते. तिला फोन करून सगळं सांगितलं.

“मले तवाच माहीत होतं, सर,” ती म्हणाली. “आज बोलसान, उद्या बोलसान, म्हणून वाट पाहून राहिली होती.”

साहेबांना आता कळवू का, असं विचारलं.

“कळवा ना. पण माह्यासाठी म्हणून नका कळवू.”

साहेबांना सविस्तर लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं: ठीक आहे, सफाई कधी संपणार?

तिच्याविषयी अक्षरही नव्हतं. मी साहेबांना पुन्हा लिहायला बसलो.