टेंबे काकूंचा माळा

सुदामा नगरातल्या त्या घरी भाडेकरू म्हणून राहायला येऊन मला तीनच दिवस झाले होते. संध्याकाळी घरमालकीण टेंबे काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं वजन किती?"

मी ब्याऐंशी किलो सांगितलं.

"उत्तम. मग जरा वर या."

वरच्या मजल्यावर दोन विटांवर एक बोर्ड आडवा ठेवला होता. त्यांनी मला त्यावर उभं केलं. बोर्ड मधोमध वाकला आणि कुरकुरला. "उतरा. हा बाद," असं म्हणून त्यांनी त्यावर खडूने फुली मारली.

काकू मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. वय त्र्याहत्तर. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. घराच्या वरच्या मजल्यावर उतरते पत्रे होते. पत्रे आणि खालचं सीलिंग यांच्यामध्ये रांगतच जाता येईल एवढा माळा होता. सामान तिथे कधीच नव्हतं, फक्त विजेच्या वायरी होत्या. वर्षातून एखादा माणूस चढायचा. त्या माळ्यावर जमीन घालायची, असं काकूंनी ठरवलं होतं.

मुलगा फोनवर वैतागायचा. "आई, तिथे जातं तरी कोण?"

"जो जाईल तो माणूसच असेल ना?" काकू म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

कारण मला त्यांनीच सांगितलं. आदल्या हिवाळ्यात किशोर नावाचा त्यांचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन वर गेला होता. त्याचा गुडघा तुळईवरून सरकून सीलिंगच्या पातळ शीटवर पडला आणि तो थेट खाली हॉलमध्ये आदळला. मांडीचं हाड मोडलं. "फक्त तुळयांवरच भार द्यायचा, हे मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "मी चहा टाकत होते. सांगायचं राहून गेलं."

पुढे महिनाभर त्यांनी राजवाड्यामागची दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने लाकडाच्या भुशाचा पार्टिकल बोर्ड दिला, "चल जाएगा, काकीजी" म्हणाला. काकूंनी तुकडा आणून आठ दिवस बादलीत बुडवला. तो भिजलेल्या टोस्टसारखा फुगला. दुसऱ्याने लोखंडी चद्दर सुचवली. "वायरींखाली लोखंड? मी शाळेत काय शिकवलं मग?" कोणी उरलेली कोटा फरशी देऊ केली, तर तिचं वजन तुळयांना झेपेना. शेवटी जाड वॉटरप्रूफ प्लाय पाण्यातही टिकलं आणि माझ्याखालीही.

सुतार मात्र कोपऱ्यापर्यंत जायला तयार नव्हता. "उधर कौन जाएगा, काकीजी?"

"वायर काय तुम्हाला विचारून जळणार आहे, भिया?" तिथल्या बोलीत भैयाला भिया म्हणत काकूंनी पदर खोचला, त्या शिडी चढल्या, रांगत टोकापर्यंत गेल्या आणि प्रत्येक तुळई खडूने आखून आल्या. कोपरं सोलली होती. सुताराने मग निमूटपणे प्रत्येक जोड तुळईवर बसवला. खिळे नाहीत, सगळे स्क्रू. वायर दुरुस्त करायला फळी काढता यायला हवी, हा काकूंचा हट्ट.

पुढच्या पावसाळ्यात वरची वायर जळाली. किशोर आला, जरा लंगडत. शिडीला हात लावून तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, परत जाणार.

काकू त्याच्याजवळ गेल्या. "किशोर भिया, त्या दिवशी माझं चुकलं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

"अरे नहीं काकीजी, आप भी..."

"चुकलं ते चुकलं. आता मी पुढे जाते." आणि खरोखरच त्या वर चढल्या. थोड्या वेळाने पार आतून आवाज आला, "मी दोन तुळयांच्या मधोमध, फळीवर बसले आहे. या."

किशोरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चढला. अर्धा तास दोघं वर होते. वायरीचा रंग, फ्यूज, त्याच्या मुलीची दहावी, सगळं ऐकू येत होतं.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. गेल्या वर्षी काकू गेल्या. बातमी मला किशोरनेच फोन करून सांगितली. त्याचा पाय पाहून लोक त्याला गाडीत बसायला सांगत होते, पण तो घरापासून स्मशानापर्यंत चालत गेला, आणि तिरडीचा खांदा त्याने एकदाही बदलू दिला नाही.