पुरवणीतले दोन दिवे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायची वेळ आली की मी दुसरंच काहीतरी सांगत आलोय — गरिबी, दुष्काळ, टँकरची रांग. लोकांना ते आवडतं. सत्कारात मी तेवढंच बोलतो, समोरची माणसं माना डोलावतात. त्या मानांची मला किळस येते. आणि हार घालून घ्यायला वाकणाऱ्या माझ्या मानेची? तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

घराण्यातला पहिला पदवीधर मी. याचा मला माज होता. होता कशाला म्हणू — आहे.

लातूर जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. नव्या कचेऱ्या निघणार, माणसं भरणार, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. चाकूरकडच्या आमच्या गावातून येऊन मी लातुरात खोली केली आणि परीक्षेचा अभ्यास धरला. स्वयंपाकाला आणि पाण्याला धाकटी बहीण सुमन सोबत आणली. पाण्याला म्हणजे काय, ते त्या साली लातुरात राहिलेल्यालाच कळेल. पाऊस नाही, नळ नावाला, टँकर कधी येईल याचा नेम नाही. ती घागरी घेऊन रांगेत, मी पुस्तक घेऊन खाटेवर.

सुमन दहावी झालेली. नांदेडला नर्सच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला, हजर व्हा म्हणून बोलावणं आलं. मी म्हणालो, तुझं तू ठरव. काय मोठं मन, नाही? आमच्याकडची एकही पोरगी तोवर एकटी गाव सोडून राहिली नव्हती. ती भिणार, मला पक्कं ठाऊक होतं. आणि ती गेली तर घागरी कोण उचलणार, हेही ठाऊक होतं.

तिनं ठरवलं ते पत्त्यांवर.

कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका मित्राचा मामा मालवाहू जहाजावर होता. त्यानं परदेशातून आणलेला एक पत्त्यांचा खेळ मित्रानं मला देऊन टाकला होता. एकट्यानं खेळायचा. पत्त्यांवर वारा, वादळ, खडक, गोड्या पाण्याची पिंपं. एकेक पत्ता उलटत जायचं. पिंपं संपायच्या आत बंदर निघालं तर जहाज लागलं, नाहीतर खलाशी तहानेनं मेले. मग उरलेले पत्ते उलटून बघायचे नाहीत, असा नियम. सुमननं समुद्र पाहिला नव्हता, पण पाणी पुरवून वापरणं तिला शिकवायची गरज नव्हती. तिनं या डावाचा कौल लावला. जहाज लागलं तर नांदेडला जायचं.

मी मनात हसलो. अडाणी म्हणालो. आणि जहाज लागलं.

"दादा, लागलं बघ," ती म्हणाली. "जाऊ का मग?"

एक अक्षर बोलायचं होतं. जा. एवढंच. मी काय बोललो?

"हे लेकरांचं झालं. खरा डाव पुरवणीचे जादा पत्ते लावून खेळतेत. माझ्या ट्रंकेत हाय, देतो काढून."

पुरवणी नव्हतीच. खेळाच्या डब्यात थोडे कोरे पत्ते होते, हरवलेल्यांच्या बदली वापरायला दिलेले. दुपारी ती रांगेत उभी असताना — माझ्याच प्यायच्या पाण्यासाठी — मी त्यांवर चित्रं काढली. एकावर वादळ, दोहोंवर समुद्रातले दिवे, जहाजांना वाट दाखवतात ते. खाली झोकदार इंग्रजी अक्षरं. मग खेळासोबतच्या इंग्रजी पुस्तिकेतल्या भलत्याच ओळीवर बोट ठेवून तिला नियम वाचून दाखवला: तीन दिवे दिसल्याशिवाय बंदर उघडत नाही.

मी दोनच दिवे काढले होते.

इंग्रजी सफाईनं वाचणारा घरात मी एकटा. माझं बोट कुठं आहे हे तिनं पाहिलंसुद्धा नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. याचसाठी मला शिकवलं होतं का? आईनं गळ्यातलं मोडून, सुमननं शेण-पाणी करून?

मग ती रोज खेळायची. भाकरी झाली की, रांगेतून आली की. दोन दिवे निघायचे आणि पिंपं संपायची. मी वर सल्ले द्यायचो — वारा जपून वापर, घाई करू नको. घरमालकीण काकू एकदा दारातून म्हणाल्या, "साहेब, पोरगी पाण्यात बी हाय अन् पत्त्यात बी. तुम्ही कशात हाव?" मी हसलो. टोमणा होता तो, कळला होता मला. कळूनही हसलो.

एकदा डाव बुडाल्यावर तिनं उरलेल्या गठ्ठ्याला हात लावला. नुसता चाळला असता तरी तिसरा दिवा नाहीच हे उघडं पडलं असतं. तिनं हात मागं घेतला. म्हणाली, "न्हाई. नियम मोडून कौल घेतल्यावर तो कसला कौल?"

लबाडी माझी होती, ती टिकली मात्र तिच्या प्रामाणिकपणावर. असली माणसं जगात आहेत म्हणून माझ्यासारख्या हलकटांचं निभतं.

हजर व्हायची तारीख निघून गेली. ती रडली नाही, पत्ते डब्यात ठेवले, घागर उचलली. मी परीक्षा पास झालो, नव्या कचेरीत लागलो, पुढं चढत गेलो. तिला हदगावकडे दिलं. कापूस, सोयाबीन, सासू, लेकरं.

मागच्या भाऊबीजेला तिची पोरगी पुण्याला शिकायला जायचं म्हणत होती. सुमन तिला म्हणाली, "तू जा. मला बी संधी आली होती, माझंच काळीज फाटकं निघालं. दादा तर जा म्हणत होता." ती पोरगी माझ्याकडे आदरानं बघायला लागली. मी पुरणपोळीवर तूप मागितलं.

सुमन हयात आहे. इथून हदगावला जाणं काही अवघड नाही. तरी तिच्या आधी हे तुम्हाला सांगितलं — कारण तुमच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही.